अर्ध्यावरचा काटा

गाडी टोइंगवाल्याच्या मागून ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझ्या गॅरेजवर आली आणि काका उतरता उतरताच म्हणाले, "ऑईल भरलंय हं. मी स्वतः भरलंय." गिऱ्हाइकाने स्वतः काही केलं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

इंजिनातलं ऑईल मोजायची पट्टी ओढली. ऑईल वरच्या खुणेपेक्षा बोटभर वर.

"किती टाकलंत?"

"लिटरभर. काटा अर्ध्यावर होता ना. मग म्हटलं, टाकी अर्धी असेल. तरी वर सरकेना, म्हणून आणखी अर्धा."

मी हसलो नाही, पण पोऱ्या हसला. खरं तर काकांचं फार चुकलं नव्हतं. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर म्हणजे टाकी अर्धी, मग शेजारीच ऑईलच्या बुधलीचं चित्र असलेला काटा अर्ध्यावर असेल तर माणूस दुसरं काय समजणार? हा काटा दाबाचा. ऑईल किती आहे ते पट्टीच सांगते.

गाडी नव्वदच्या दशकातली, बाहेरून आलेली, दणकट पेट्रोल इंजिनची. कंपनीचं नाव घेत नाही. गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकली आणि इंजिन खडखडायला लागलं. काटा मात्र तेव्हाही मधोमध. काका त्याच्याच भरवशावर घोडबंदर रोडने मानपाड्यापर्यंत आले.

जास्तीचं ऑईल काढलं आणि थोडा वेळ इंजिन चालू केलं. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट वाजत होते. थंड इंजिनला काटा मधोमध. तापल्यावर मधोमध. रेस दिली, तरी मधोमध. इथेच मला शंका आली. पंप फिरेल तसं ऑईल ढकलतो, बेअरिंगच्या फटीतून ते निघताना अडतं आणि त्या अडण्याचा दाब होतो. थंड ऑईल घट्ट, म्हणून दाब चढा. तापलं की पातळ, दाब उतरतो. रेस दिली की पुन्हा चढतो. म्हणजे खरा काटा दिवसभर वरखाली व्हायलाच हवा.

इंजिनवरच्या, काट्याला जोडलेल्या ऑईल स्विचची वायर काढली, काटा शून्यावर. तीच वायर बॉडीला टेकवली, काटा टुणकन मधोमध! मग मल्टिमीटर स्विचला लावला. दाब मोजणाऱ्या सेंडरचे ओहम दाबाबरोबर बदलतात. इथे इंजिन चालू होताच मीटर बीप करायला लागला, म्हणजे आतलं सर्किट जोडलं गेलं, आणि कितीही रेस दिली तरी तीच बीप. म्हणजे आत साधं बटण. सहा-सात पौंडांच्या वर दाब गेला की जोडलं जातं, आणि वाटेतला एक रेझिस्टर काट्याला मधोमध उभा करतो. तोंड काट्याचं, काम दिव्याचं.

हे एकाच कंपनीचं नाही. माझ्दाच्या मियाटामध्ये आधी खरा काटा होता, 1995 पासून त्याजागी असाच बटणाचा आला. माझ्या मते कारण सरळ आहे: खरा काटा हलतो, आणि हलला की गिऱ्हाईक घाबरून शोरूमच्या दारात उभं. कितीतरी गाड्यांचा टेम्परेचरचा काटाही असाच मधे चिकटवलेला असतो. त्यापेक्षा आपल्या छोट्या गाड्यांचा लाल दिवा बरा, तो निदान मोजतोय असं सोंग आणत नाही.

स्विच काढून तिथे माझा पाईपवाला गेज बसवला. तापलेल्या इंजिनला आयडलिंगवर 9 पौंड. 2000 आरपीएमला जेमतेम 14, आणि सुई थरथरत होती. हजार आरपीएमला दहा पौंड हा आमचा ढोबळ हिशेब. बेअरिंग झिजलं असतं तर रेस दिल्यावर दाब कमी का होईना, पण सरळ चढला असता. सुई थरथरते म्हणजे पंपाला खालून ऑईल पुरत नाही.

इंजिनखालचं ऑईलचं चेंबर उतरवलं. पंप जिथून ऑईल ओढतो त्या जाळीला नारिंगी सिलिकॉनचे शेवयांसारखे धागे चिकटलेले, अर्ध्याहून जास्त जाळी बंद. मागे कुणीतरी गॅस्केटऐवजी ट्यूबभर सिलिकॉन थापून चेंबर लावलं होतं. बाहेर आलेलं पुसतात, आत गेलेलं कोण बघतो? पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कॉनरॉडची बेअरिंग उघडली, दोन घासली गेली होती. क्रँक वाचला. काकांच्या नशिबाने.

बेअरिंग बदलून, जाळी साफ करून, नवं ऑईल टाकून पुन्हा गेज लावला: तापलेल्या आयडलिंगला 18, 2000 ला 42. काकांनी हट्टाने डॅशखाली खरा गेज बसवून घेतला.

चार दिवसांनी फोन.

"अरे, तुझा काटा हलतोय! सकाळी साठ होता, आता गायमुखला उभा आहे तर वीसच दाखवतोय. बाजूला घेऊ का?"

"रेस द्या जरा."

"...पस्तीस. चाळीस."

"मग या हळूहळू. आणि काका, ऑईल टाकू नका."