बक्षिसाआधी नंबर

"काका, बक्षीस राहू द्या, हे आधी मोबाईल नंबरच मागतात," थंड पेयाच्या झाकणातला कोड फोनमध्ये टाकणारा एक शाळकरी मुलगा आज दुकानात मला म्हणाला.

२००४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कोका-कोलाने काही मोजक्या डब्यांत पेयाऐवजी चक्क मोबाईल फोन आणि जीपीएस बसवले होते. बाहेरचे लाल बटण दाबले की कंपनीला फोन लागे आणि विजेत्याचा ठावठिकाणा कळे. असा डबा गुप्त बैठकीत पोहोचला तर आतले बोलणे बाहेर जाईल, या धास्तीने काही लष्करी तळांनी डबे तपासण्याच्या सूचना दिल्या. डबा फक्त बक्षीस केंद्रालाच फोन लावू शकतो, असा खुलासा कंपनीला करावा लागला.

निदान तिथे बटण डोळ्यांना दिसत होते. एका कोडसाठी आपण नाव, नंबर आणि ठिकाण स्वतःहून देतो, तेव्हा बक्षीस नेमके कोणाला लागते?