पाठमोरी माणसे

श्रावण शुद्ध पंचमी, रात्री साडेदहा

सकाळी कुडाळला एसटीतून उतरून घरी पोचले, तोवर आईने मातीचा नाग पाटावर मांडून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवलेला होता. दुपारी पातोळ्या खाऊन पडवीत बसले आणि फोन उघडला, तर संपादिकेचे पत्र आलेले. मुलांसाठीच्या एका २४ पानी पुस्तकाची १६ चित्रे मी गेल्या आठवड्यात पाठवली होती. चित्रे त्यांना आवडली आहेत, रंगांविषयी तर त्यांनी भरभरून लिहिले आहे; शेवटी मात्र एक वाक्य आहे. "तुमची माणसे फार वेळा पाठमोरी असतात, मुलांना थोडे चेहरे दिसू द्यावेत असे वाटते." आधी मी रागावले, आणि मग चित्रे एकेक करून मोजली. १६ पैकी ११ चित्रांत माणसाचा चेहरा दिसत नाही. कोणी छत्रीआड आहे, कोणी विहिरीत वाकले आहे, आजीच्या तोंडासमोर सूप आहे, आणि पोस्टमन तर पुस्तकभर आपली पाठ आणि पिशवीच दाखवत फिरतो. हे मी ठरवून केलेले नव्हते, म्हणूनच ते जास्त लागले.

माझे लहानपण बरेचसे दाराआड गेले. माजघर आणि ओटी यांच्यामधल्या दाराला बिजागरीच्या बाजूने दोन बोटांची फट होती, आणि पाहुणे आले की मी त्या फटीमागे असे. ओटीवरचे बाकडे असे होते, की त्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा तिथून कधीच दिसत नसे. दिसत ते हात, गुडघे, टाचा आणि कपबशी. चेहरा न पाहता माणूस ओळखायची सवय मला तिथे लागली. उसने पैसे मागायला आलेला माणूस बशीची कड अंगठ्याने पुसत राहतो, आणि लग्नाचे आमंत्रण द्यायला आलेला माणूस चहा येण्याआधीच उठायच्या बेतात बसलेला असतो, हे मला नवव्या-दहाव्या वर्षी कळत होते. ते कोणाला सांगायचे असते किंवा सांगता येते, हे मात्र कळत नव्हते. मग संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर ते हात काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते पान फाडून चुलीत घालायचे.

मोठ्यांनी मला तीन शब्द दिले होते. आई लाजाळू म्हणे, शाळेत बुजरी म्हणत, आणि वडिलांचे एक स्नेही, जे संस्कृत शिकलेले होते, ते मुखदुर्बळ म्हणत. शेजारची काकू यांतले काहीच न म्हणता सरळ विचारी, "ह्या चेडवाक तोंड आसा काय नाय?" बुजरी गुरे असतात आणि दुबळेपणा हा आजार असतो, तेव्हा उरलेला लाजाळू हा शब्दच मला त्यातल्या त्यात सुसह्य वाटे, कारण आमच्या पाणंदीच्या दोन्ही कडांना त्या नावाचे झाड पसरलेले होते. बोट लावले की त्याची पाने क्षणात मिटतात हे सगळ्यांनाच ठाऊक असते. ती पुन्हा उघडायला किती वेळ लागतो, हे मात्र मी वडिलांचे घड्याळ मागून घेऊन, पावसाच्या उघडिपीत उकिडवे बसून मोजले होते. दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला, आणि उघडताना ती इतकी सावकाश उघडली, की नेमका तो क्षण मला पकडता आला नाही. पानाच्या देठाशी असलेल्या फुगीर पेरातले पाणी पेशींमधून बाहेर पडते म्हणून पान मिटते आणि ते पाणी पुन्हा भरेपर्यंत मिटलेलेच राहते, हे पुढे पुष्कळ वर्षांनी वाचले. हे झाड मूळचे आपल्याकडचे नाही, अमेरिका खंडातून आलेले आहे, हेही तेव्हाच कळले.

या सगळ्यातून मी चित्रकार झाले, असे सांगितले की ऐकणाऱ्याला बरे वाटते. मुलाखतीत मीही तसे एकदोनदा सांगितले आहे. आज दुपारपासून मात्र त्यावर माझाच विश्वास बसेनासा झाला आहे. माझा धाकटा भाऊ त्याच घरात, त्याच पावसात वाढला. तो एसटीच्या थांब्यावर उभ्या माणसाशी घटकाभरात नाते जोडतो आणि त्याला साधा चौकोन सरळ काढता येत नाही, इथपर्यंत गोष्ट जुळते. पण माझ्या शेजारी बाकावर बसणारी मुलगी माझ्याहूनही अबोल होती. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करी. ती चित्रकार झाली नाही, कवयित्री झाली नाही; ती आजही तितकीच अबोल आहे आणि तिला त्या अबोलपणाने चार लोकांत बसण्याच्या धास्तीखेरीज काहीही दिलेले नाही. मग माझ्या बाबतीत वेगळे काय झाले?

वेगळी होती ती गणपतीची शाळा. आमच्याकडे मूर्ती घडवण्याच्या जागेला शाळाच म्हणतात. आमच्या घरापासून तीन घरे सोडून तात्यांची शाळा होती, म्हणजे त्यांच्या घराची लांब पडवी, जिला पावसाळ्यात झावळ्यांचा आडोसा लावलेला असे. आषाढात गावातली घरे आपापला पाट तिथे आणून देत. पाटाच्या मागे खडूने घरवाल्याचे नाव लिहिलेले असे, आणि त्या घरचा गणपती त्याच पाटावर घडत असे. मी तिथे पहिल्यांदा गेले ती आमचा पाट घेऊन चाललेल्या वडिलांच्या मागून, आणि ते परतल्यावरही तिथेच दाराशी उभी राहिले. तात्या बराच वेळ माझ्याकडे न बघता काम करत होते. मग म्हणाले, "नुसती बघतंस काय, माती मळ." त्यांनी नाव विचारले नाही, कितवीत आहेस विचारले नाही, गाणे म्हणून दाखव म्हटले नाही. मोठ्या माणसाने पहिल्याच भेटीत यांतले काहीही न विचारण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग असावा.

पुढची सात वर्षे शाळा सुटल्यावर मी त्या शाळेत असे. माती भिजवणे, खडे वेचणे, ती लोण्यासारखी होईपर्यंत मळणे. मग पावसाळी दमट हवेत मूर्ती वाळता वाळत नाही आणि वाळू लागली की पोटाशी, सोंडेच्या वळणाशी भेगा जातात, त्या पातळ मातीने बुजवून ओल्या कुंचल्याने सारख्या करणे. त्यानंतर पांढऱ्या रंगाचा हात, मग अंगाचा रंग, पीतांबर, शेला, दागिने. हे काम शब्दांवाचून शिकता येत होते, कारण तात्या समजावून सांगत नसत. ते माझ्या हातातला कुंचला काढून घेत, एकदा फिरवून दाखवत आणि परत देत. रात्री वीज गेली की गॅसबत्ती पेटवत, आणि तिच्या उजेडात भिंतीवर ३०-४० गणपतींच्या सावल्या पडत. तिथे काम करणारी चार-पाच माणसे मध्यरात्रीपर्यंत गजाली करत आणि मी ऐकत असे. माझ्याकडून कोणाला हुंकाराचीही अपेक्षा नव्हती. चार माणसांत असणे आणि तरीही एकटे असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतील अशी दुसरी जागा मला अजून सापडलेली नाही. पुण्यातला माझा स्टुडिओ तीन जणींबरोबर वाटून घेतलेला आहे, तो बहुधा त्याच कारणाने.

म्हणून मला आता असे वाटते, की लाजाळूपणा मुलाला काही घडवत नाही. तो त्याला फक्त कडेला नेऊन उभा करतो. त्या कडेला हाताला काम असेल आणि तोंड उघडण्याची सक्ती नसेल, तर काही घडते. आमच्या गावात दुधाचा रतीब घालणारे एक गृहस्थ होते, ते दिवसा मान वर करून बोलत नसत; जत्रेच्या रात्री दशावतारात मात्र अंगावर राजाचा वेश चढला, की लिखित संहिता नसलेल्या त्या नाटकात तासतासभर स्वतःचे संवाद रचत गर्जत. त्यांना तोंड फुटायला रंग लागे, मला माती लागली. बाकावरच्या त्या मुलीच्या वाटेत अशी कुठलीही पडवी नव्हती.

या पडवीचे ऋण मान्य करतानाच तिथे राहून गेलेली एक गोष्टही लिहायला हवी. डोळे नेहमी तात्याच आखत. ते काम ते सकाळी, अंघोळ करून, कोणाशी न बोलता करत, आणि आदल्या दिवशीपर्यंत मातीची असलेली गोष्ट दुपारपर्यंत आपल्याकडे बघू लागे. मी बारा वर्षांची असताना एका सकाळी त्यांनी बारीक कुंचला माझ्यापुढे धरला आणि एका छोट्या मूर्तीकडे बोट दाखवले. मी कुंचला घेतला नाही. कामाचे निमित्त काढून घरी पळून आले आणि दोन दिवस तिकडे फिरकले नाही. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. नागपंचमीच्या नागांचे डोळे तेवढे माझ्याकडे राहिले, कारण तिथे आखायचे काही नसते, ओल्या मातीत दोन गुंजा दाबून बसवायच्या असतात.

त्यानंतरची सारी वर्षे मी डोळे चुकवत आले, हे आज ११ चित्रे मोजताना ध्यानात आले. एलिमेंटरीच्या रेखाकला परीक्षेला स्मरणचित्र हा माझा हुकमी विषय होता, कारण फटीमागच्या वर्षांनी माणसांच्या बसण्या-उठण्याचा साठा भरपूर करून ठेवला होता. त्या कागदावरही पावसातला बाजार होता आणि सगळी माणसे छत्र्या घेऊन माझ्याकडे पाठ करून चालली होती. परीक्षक बहुधा त्याला रचना म्हणाले असतील. मुंबईत कला महाविद्यालयात गेल्यावर व्यक्तिचित्रणाच्या वर्गात सगळे मॉडेलच्या समोरची जागा मिळावी म्हणून लवकर येत, तर मी उशिरा जाऊन मागच्या बाजूची डाँकी, म्हणजे चित्रफलक टेकवून बसायचे बाकडे, पकडत असे. पाठीचा कणा, मानेचे वळण, खांद्याची झुकण मला उत्तम जमू लागली. आपली उणीव झाकता झाकता एखादी गोष्ट इतकी चांगली जमू लागते, की लोक तिला शैली म्हणतात, आणि मग ती सोडवत नाही.

त्या दिवसांत आम्हा अबोल विद्यार्थ्यांचे दैवत म्हणजे वासुदेव गायतोंडे. मूळ गोव्याचे घराणे, १९२४ साली नागपुरात जन्म, १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती. आणि पुढे दिल्लीत माणसांपासून दूर राहून वर्षाला मोजकेच कॅनव्हास रंगवणारा हा चित्रकार आम्हांला आमच्या भिडस्तपणाचे समर्थन वाटे. २००१ साली ते गेले आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा तर आपणही गप्प बसलो की पुरे, असे मी गमतीने म्हणाले होते. आता ते मला फसवे वाटते. त्यांचे मौन हे त्यांनी निवडलेले मौन होते, त्यांच्या चित्राला लागणारे. माझे मौन मी निवडलेले नव्हते. त्याला मौन म्हणणे हेच थोडे चढवून बोलणे आहे. मला तर कामाचा दर सांगता येत नसे. समोरचा जो आकडा बोले त्याला मी हो म्हणे, आणि घरी येऊन हिशेब मांडला, की कागद-रंगांचा खर्च वजा जाता महिनाभराच्या कामाचे काय उरले हे बघून झोप उडे. पहिल्या प्रदर्शनात दोन दिवस मी खांबाशी उभी होते. एका बाईंनी मला तिथली कर्मचारी समजून स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारले, आणि मी त्यांना तिथवर पोचवून आले. त्या परत आल्यावर माझ्या चित्रासमोर बराच वेळ थांबल्या होत्या. हे चित्र माझे आहे, एवढे चार शब्द मला बोलता आले नाहीत.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर टॅबलेट न उघडता साध्या कागदावर पोस्टमनला समोरून काढायला घेतले. पाच-सहा वेळा फसले. बाहुल्या काढल्या, की तो दचकलेला दिसे. डोळे बारीक केले, की झोपलेला. मग तात्या कुठून सुरुवात करत ते आठवून पाहिले. ते बाहुलीपासून सुरू करत नसत. आधी वरच्या पापणीची रेघ, श्वास रोखून, एका दमात. ती बसली की खालचे सगळे तिच्या आधाराने येई. सातव्या कागदावर पोस्टमनने मान वर केली. फारसा देखणा नाही, थोडा दमलेला आहे, आणि मला वाटत होते त्याहून वयाने मोठा निघाला.

संपादिकेला आत्ताच उत्तर पाठवले. ११ पैकी चार चित्रांत माणसे समोरून काढून देईन, असे लिहिले. उरलेली सात पाठमोरीच राहतील, कारण सुपाआडची आजी आणि विहिरीत वाकलेला मुलगा तसेच असायला हवेत, आणि का ते प्रत्येकी एका वाक्यात सांगितले. चार चित्रे नव्याने काढण्याचे मानधन वेगळे लागेल, हेही लिहिले आणि आकडा घातला. तो दोनदा खोडून पुन्हा तोच घातला.

आई आत अजून जागी आहे. तात्या आता नाहीत, शाळा त्यांचा मुलगा चालवतो, आणि यंदा आमचा पाट पोचवायला उशीर झाल्याबद्दल त्याचा दोनदा निरोप येऊन गेला आहे. पाट धुऊन ओटीवर उभा करून ठेवला आहे. मागचे खडूचे नाव धुण्यात गेले, ते सकाळी पुन्हा लिहायचे आहे.