तुम्ही विचारलंत म्हणून: मग मत कोणाला देता?

‘तुम्ही स्वतःला उजव्या विचारांच्या म्हणवता. तुमचा पक्ष दिवसेंदिवस जहाल होत चाललाय. मग तुम्ही मत कोणाला देता?’

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला फार जणांनी विचारला. डावीकडचे मित्र विचारतात, घरातली तरुण मुलं विचारतात. हल्ली पक्षात उभं आयुष्य घालवलेली माणसंही विचारतात, पण ती आवाज खाली आणून. हे लिहितेय ते मुख्यतः त्यांच्यासाठी. पक्षाचं नाव घेत नाही, कारण असा पेच कुठल्याही देशातल्या कुठल्याही जुन्या पक्षाच्या मतदारावर येऊ शकतो, आणि आलेला आहे.

आधी उजवी म्हणजे कशी ते सांगते. ‘पुराणमतवादी’ म्हटलं की जुन्याला कवटाळून बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. मला बदल नको असं मुळीच नाही. तो पायरीपायरीने यावा एवढंच. न्यायालय, संसद, शाळा, कुटुंब हे सगळं उभं राहायला पिढ्या लागतात आणि मोडायला एक दुपार पुरते, ही माझी भीती. सरकारने ऋण काढून सण करू नयेत, कायदा आपल्या माणसालाही तितकाच लागावा, शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात कोणी नाक खुपसू नये. यासाठी मी तीस वर्षं एकाच पक्षाला मत दिलं, त्याची पत्रकं वाटली, मतमोजणीच्या दिवशी रात्ररात्र जागले. म्हणून ‘जहाल म्हणजे तुमचेच विचार, फक्त जरा तिखट’ असं कोणी म्हणालं की मला राग येतो. ‘सगळं उखडून टाकू, न्यायाधीशांना धडा शिकवू’ असं ओरडणारा माणूस आणि मी एका झेंड्याखाली उभे असू, पण त्याला जे पाडायचंय तेच मला जपायचंय.

हे मला कळलं ते एका सभागृहात. कार्यकर्त्यांचाच मेळावा होता, बाहेरचं कोणी नव्हतं. पाहुणा वक्ता बोलता बोलता म्हणाला, ‘समोरचे आपले विरोधक नाहीत, शत्रू आहेत. शत्रूला हरवायचं नसतं, संपवायचं असतं.’ टाळ्यांचा कडकडाट झाला. माझेही हात दोनदा एकमेकांवर आपटले. सवयीने. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात शेजारी लक्ष गेलं. शेजारी माझ्या वडिलांच्या वयाचे एक काका बसले होते, पक्षाचे अगदी पहिल्या फळीतले. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले होते आणि ते समोर बघत होते. बाहेर पडताना मी विचारलं, ‘काका, नीट ऐकू आलं नाही का?’ ते म्हणाले, ‘ऐकू आलं. म्हणूनच.’ पुढे काही बोलले नाहीत. माझ्या हातांना त्या दोन टाळ्या अजून जाणवतात.

त्यानंतरची निवडणूक आली तेव्हा मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. घरात कुरकुर केली, मैत्रिणींपाशी नाराजी बोलून दाखवली आणि जाऊन त्याच चिन्हाला मत दिलं. दगडापेक्षा वीट मऊ, समोरचे आले तर कर वाढवतील, अमुक कायदा बदलतील, असं स्वतःला समजावलं. निकाल लागला, पक्ष जिंकला, आणि तोच वक्ता दूरचित्रवाणीवर सांगू लागला की लोकांनी आमच्या भाषेवर शिक्कामोर्तब केलंय. त्या आकड्यात माझं मत होतं. मतपत्रिकेवर कुरकुर लिहायला जागा नसते. टाळी वाजवणाऱ्याचं मत आणि माझं नाराज मत एकाच गठ्ठ्यात पडतं, एकसारखंच मोजलं जातं.

पक्षातल्यांचं नेहमीचं वाक्य आहे, ‘मवाळ जाणार कुठे?’ सगळी गणितं या वाक्यावर उभी असतात. जहाल मतदार रुसला तर घरी बसतो, म्हणून त्याला चुचकारायचं. मवाळ मतदार रुसला तरी येतोच, म्हणून त्याच्याकडे बघायचं नाही. आपलं शहाणपण आपल्याच विरुद्ध असं वापरलं जातं.

बाहेर पडावं तर कुठे, हा प्रश्न खरा आहे. जर्मनीत १९२८ साली ह्यूगेनबेर्ग हा वृत्तपत्रांचा धनी जर्मन राष्ट्रीय जन पक्ष या जुन्या उजव्या पक्षाचा अध्यक्ष झाला आणि १९२९ मध्ये त्याने पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईच्या यंग योजनेविरुद्धच्या मोहिमेत हिटलरला शेजारी बसवलं. पक्षातले मवाळ एकेक करून बाहेर पडले. १९३० मध्ये त्यांनी स्वतःचा वेगळा पक्ष काढला, निवडणूक लढवली, आणि त्यांना मिळाल्या अवघ्या ४ जागा. त्याच निवडणुकीत मूळ पक्ष ७३ वरून ४१ वर घसरला आणि नाझी १२ वरून १०७ वर गेले. ह्यूगेनबेर्गला वाटत होतं की वाघ आपल्या साखळीला बांधलाय. जानेवारी १९३३ मध्ये तो हिटलरचा मंत्री झाला, जूनमध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला आणि त्याच महिन्यात त्याच्या पक्षाने स्वतःचं विसर्जन केलं. पाच महिने. बाहेर पडलेल्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, पण ते उशिरा निघाले, फुटकळ निघाले, आणि मतदार त्यांच्या मागे गेला नाही.

आत राहून बोलावं तर तेही स्वस्त नाही. अमेरिकेच्या कॅपिटलवर, म्हणजे संसद भवनावर, ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव चालून गेला. त्यानंतर ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने रिपब्लिकन पक्षाच्या १० प्रतिनिधींनी मत दिलं. २०२२ च्या निवडणुकीनंतर त्यांतले दोघेच सभागृहात उरले. चौघांनी पुन्हा उभं राहणं टाळलं, चौघांना उमेदवार ठरवायच्या फेरीतच पाडलं गेलं. त्यांत वायोमिंगच्या लिझ चेनी होत्या, कर असो की संरक्षण, कुठल्याही प्रश्नावर पक्क्या उजव्या. उरलेले दोघे कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांतले. तिथे पहिल्या फेरीत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि कोणीही मतदार कोणालाही मत देऊ शकतो. अलास्काच्या लिसा मर्कौस्कींचंही तसंच. २०१० मध्ये पक्षाच्या मतदारांनी त्यांना नाकारलं, तेव्हा लोकांनी मतपत्रिकेवर हाताने त्यांचं नाव लिहून त्यांना निवडून आणलं. महाभियोगात ट्रम्प यांना दोषी ठरवणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांत त्या होत्या, आणि २०२२ मध्ये पसंतीक्रमाच्या पद्धतीत त्या पुन्हा जिंकल्या. म्हणजे सगळीकडे मवाळ मतदार संपलेला नसतो. जिथे उमेदवार ठरतो तिथवर त्याला पोचताच येत नाही, किंवा तो जात नाही. मीही वर्षानुवर्षं गेले नाही. उमेदवार ठरवायच्या बैठकीला ‘त्यात काय असतं’ म्हणून घरी राहिले. तिथे जे मोजके लोक गेले त्यांनी सगळ्यांसाठी ठरवून टाकलं.

आता ज्या दोन गोष्टींनी माझं मन बदललं त्या सांगते.

पहिली फिनलंडची. १९३० च्या सुमारास तिथे लापुआ चळवळ जोरात होती. कम्युनिस्टांना हाणायचं म्हणून सुरू झालेली ही माणसं विरोधकांना पळवून नेऊ लागली. १९३० मध्ये त्यांनी माजी राष्ट्राध्यक्ष स्टोलबेर्ग आणि त्यांच्या पत्नीलाच पळवलं. बऱ्याच सभ्य उजव्या लोकांना तोवर वाटत होतं की पोरं जरा अतिरेक करतात, पण भावना चांगली आहे. १९३२ मध्ये मँत्सला या गावी चळवळीचे हत्यारबंद लोक जमले आणि सरकार बदला म्हणू लागले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते स्विनहुव्हुद, कट्टर उजवे, कम्युनिस्टांचे वैरी. लापुआवाल्यांना ते आपलेच वाटत, त्यांच्या निवडीसाठी या लोकांनी जोरही लावला होता. २ मार्चला ते रेडिओवर बोलले आणि जमलेल्यांना घरी जायला सांगितलं. जे घरी जातील त्यांना शिक्षा नाही, पुढाऱ्यांना मात्र होईल, असंही सांगितलं. थोड्याच दिवसांत बंड विझलं. चळवळीवर बंदी आली ती ज्या कायद्याने, तो कम्युनिस्टांसाठी करा म्हणून तिनेच हट्ट धरला होता. मला यात एकच दिसतं: हे डाव्या माणसाने सांगितलं असतं तर कोणी हललं नसतं.

तिथल्या उजव्या पक्षाचं शहाणपण मात्र एका दिवसात आलं नाही. १९३३ मध्ये राष्ट्रीय आघाडी पक्षाने लापुआच्या वारसांशी हातमिळवणी केली आणि ४२ जागांवरून तो १८ वर आला. मग १९३४ मध्ये पासिकिवी अध्यक्ष झाले आणि त्यांनी ती सोयरीक मोडली. पक्ष टिकला, आजही आहे.

दुसरी गोष्ट बेल्जियममधल्या ब्रसेल्सची, ११ एप्रिल १९३७ ची. रेक्स या जहाल उजव्या पक्षाच्या लेओं दग्रेलने मुद्दाम पोटनिवडणूक घडवून आणली. आदल्या वर्षी त्याच्या पक्षाने २१ जागा जिंकल्या होत्या, आणि त्यातला मोठा लचका कॅथलिक उजव्यांच्या मतांचा होता. त्याच्यासमोर पंतप्रधान व्हान झीलँड स्वतः उभे राहिले. कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी, सगळ्यांनी आपापले उमेदवार मागे ठेवले. मतदानाच्या दोन दिवस आधी तिथल्या कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल व्हान रूय यांनी जाहीर केलं की रेक्स देशाला आणि चर्चला धोका आहे, आणि मत न देणंही गैर. हे दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण माझाही बेत घरी बसायचाच होता. घरी बसलं की हात स्वच्छ राहतात असं वाटतं. दग्रेलला साधारण १९ टक्के मतं मिळाली, व्हान झीलँडना ७६. कॅथलिक घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्या दिवशी समाजवाद्यांच्या बरोबरीने एकाच नावावर खूण केली असणार. त्याने ते समाजवादी झाले नाहीत.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. धोरणावर मतभेद असेल तर मी पक्षाबरोबर राहते आणि आत भांडते. कर चुकले, एखादा कायदा चुकला, तर पुढच्या खेपेला दुरुस्त होतो. पण उमेदवार हरल्यावर हार मानणार की नाही हे सांगायला तयार नसेल, किंवा आपल्या माणसांनी केलेल्या मारहाणीवर ‘हो, पण’ म्हणत असेल, तर मी समोरच्याला मत देते. मागच्या वेळी दिलं. ‘कोणालाच नाही’ असं नाही केलं. समोरच्या पक्षाची अर्धी धोरणं मला पटत नाहीत आणि ती लागू झाल्यावर त्यांची किंमत मीही मोजतेय. ती मोजताना चडफड होते, पश्चात्ताप होत नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. हुआन लिंझ या राज्यशास्त्रज्ञाने लोकशाही कशी कोसळते याचा जन्मभर अभ्यास केला. उघड शत्रूंइतकंच त्यांचं लक्ष ‘अर्धनिष्ठ’ लोकांवर होतं. हिंसा स्वतः करत नाहीत, पण करणाऱ्याला पाठीशी घालतात, अशी ही माणसं. मी तशी होत चालले होते.

डावीकडच्या मित्रांनाही एक सांगायचंय, आणि हे मनापासून सांगतेय. करकपात मागणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही फॅसिस्ट म्हणत राहिलात. खरा लांडगा आला तेव्हा तुमच्या हाकेवर माझ्यासारख्यांनी कान बंद केले होते. फ्रान्समध्ये २००२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जहाल उजवे ल पेन दुसऱ्या फेरीत पोचले, तेव्हा डाव्या मतदारांनी नाक मुठीत धरून उजव्या शिराकना मत दिलं आणि शिराक ८२ टक्क्यांनी जिंकले. ते ऋण आमच्यावर आहे असं मी मानते. पण आम्ही ते फेडायला येऊ तेव्हा दारात उभं करून जुने हिशेब विचारू नका.

मी पक्ष सोडलेला नाही. उमेदवार ठरवायच्या बैठकीला आता न चुकता जाते, मागच्या बाकावर बसत नाही, आणि टाळी वाजवायच्या आधी वाक्य पुरं ऐकते. काका राहिले नाहीत, पण ती बैठक सुरू झाली की माझे तळवे आपोआप गुडघ्यांवर जातात.

परवा पक्षाचा मुलगा मतदारयादी घेऊन घरी आला. या यादीत प्रत्येक नावापुढे खूण असते: आपला, समोरचा, काठावरचा. तीस वर्षं माझ्या नावापुढे बरोबरची खूण होती, कोणी विचारायलाही येत नसे. याने ती घरात पाऊल ठेवायच्या आधीच केलेली होती. मी म्हटलं, ‘ती खोड. काठावर लिही.’ तो हसला. मी हसले नाही तेव्हा त्याने पेन्सिलीच्या मागच्या रबराने ती खूण पुसली आणि जरा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘ताई, परत बरोबर करायची असेल तर काय सांगू वर?’

‘उमेदवाराला भर सभेत म्हणायला सांग, की हरलो तर हार मानीन.’

त्याने ते समासात लिहून घेतलं. जागा कमी पडली, तर शेवटचे दोन शब्द उभे लिहिले.