अक्षांश आधी की रेखांश?

प्रोज (PROJ, नकाशावरचे निर्देशांक एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलणारं सॉफ्टवेअर) सोबत येणारी सीएसटूसीएस (cs2cs) कमांड मला मनापासून आवडते, कारण एका ओळीत काम होतं, आधी इनपुटच्या निर्देशांक पद्धतीचा कोड, मग आउटपुटच्या पद्धतीचा, आणि आकडे टाकले की झालं. पण आकड्यांच्या क्रमाकडे नीट बघा हं, बरेच जण तिथेच गंडतात.

ईपीएसजी म्हणजे अशा पद्धतींच्या कोडची यादी. त्यातल्या ४३२६ मध्ये, म्हणजे जीपीएसच्या नेहमीच्या अक्षांश-रेखांशात, अधिकृत क्रम अक्षांश आधी, रेखांश नंतर असा आहे आणि प्रोज ६ पासून (२०१९) सीएसटूसीएस तो पाळतं, पण साधी प्रोज कमांड मात्र रेखांशच आधी मागते!

करून बघा. ४३२६ वरून ३२६३१, म्हणजे यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) झोन ३१ उत्तर. या झोनची मधली रेषा ३ अंश पूर्व, म्हणून "० ३" टाकलं की ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर, मीटरमध्ये) बरोब्बर ५००००० आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) ० यायला हवं. उलटं "३ ०" टाकलंत तर ईस्टिंग साधारण १ लाख ६६ हजार येतं आणि एरर वगैरे काही नाही, उत्तर दिसायला एकदम व्यवस्थित, त्यामुळे अख्खी फाइल चुकीच्या जागी जाते आणि कळतही नाही. फाइलमध्ये क्रम उलटा असेल तर कमांडला मायनस आर (-r) हा पर्याय लावा. हजारो पॉइंट सोडायच्या आधी असा उत्तर माहीत असलेला एक पॉइंट टाकून बघाच.