काचेने अडवलेला प्रकाश

प्रकाशाच्या कणस्वरूपाविषयी पुढे मी पुष्कळ वाचले, परंतु पदवीच्या वर्गात असताना केलेल्या एका साध्या प्रयोगाने जे शिकवले ते कोणत्याही व्याख्येने शिकवले नाही. सुवर्णपत्र विद्युतदर्शीवर, म्हणजे प्रभार असला की आतले सोन्याचे पातळ पान फाकवून आणि प्रभार गेला की ते मिटवून दाखवणाऱ्या उपकरणावर, जस्ताची पट्टी बसवायची, तिच्यावर साचलेला ऑक्साइडचा मळकट थर सँडपेपरने घासून काढायचा आणि मग तिला ऋण प्रभार द्यायचा. आतले सोनेरी पान फाकते आणि तसेच राहते. पट्टीसमोर वीतभर अंतरावर मी १०० वॅटचा दिवा धरला. हाताला चटका बसेल इतका तो तापला, तरी पान जागचे हलले नाही. मग क्वार्ट्झच्या नळीतला पाऱ्याच्या बाष्पाचा लहानसा दिवा लावला, ज्याचा निळसर उजेड पहिल्या दिव्यापुढे अगदीच फिका होता, आणि काही सेकंदांत पान खाली येऊ लागले. ते अर्ध्यावर असतानाच मध्ये खिडकीची साधी काच धरली, तेव्हा ते जिथल्या तिथे थांबले. काच काढली की पुन्हा घसरू लागले. त्या काचेतून पलीकडचे सारे लख्ख दिसत होते, आणि तरीही नेमके जे लागत होते तेच तिने अडवले होते. पट्टीला धन प्रभार दिला तेव्हा मात्र कोणत्याच दिव्याने काही घडले नाही, म्हणजे प्रकाशामुळे पट्टीतून बाहेर पडत होते ते ऋण प्रभाराचे कण, अर्थात इलेक्ट्रॉन. यालाच प्रकाशविद्युत परिणाम म्हणतात.

प्रकाश ही निव्वळ लाट असती तर १०० वॅटच्या दिव्याने बाजी मारायला हवी होती, कारण लाटेतली ऊर्जा साचत जाते आणि पुरेशी साचली की इलेक्ट्रॉन सुटायला हरकत नसते. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने मांडले ते असे की, प्रकाशाची ऊर्जा पुंजांच्या रूपात येते, एका पुंजातली ऊर्जा केवळ वारंवारतेवर अवलंबून असते, आणि इलेक्ट्रॉन एका वेळी एक अख्खा पुंज घेतो किंवा काहीच घेत नाही. या पुंजाला फोटॉन हे नाव १९२६ नंतर रूढ झाले. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, म्हणजे अणूंच्या जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेच्या छोट्या एककात, मिळते. एवढे एक सूत्र पाठ असले तर या विषयातली निम्मी कोडी कागदाच्या कपट्यावर सुटतात. ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा फोटॉन सुमारे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तर ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाचा ३.१ चा. जस्तातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण ४.३ लागतात. दृश्य प्रकाशाचे कितीही फोटॉन ओतले तरी त्यांतला एकही एकट्याने पुरा पडत नाही, आणि पाऱ्याच्या दिव्यातल्या २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचा ४.९ चा फोटॉन मात्र काम भागवून उरतो. उरलेले ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ही बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा.

या इतिहासातला माझा आवडता माणूस म्हणजे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन. त्याचा आइन्स्टाइनच्या या कल्पनेवर विश्वास नव्हता. त्याने कित्येक वर्षे खर्ची घातली, धातूचा ताजा पृष्ठभाग मिळावा म्हणून निर्वात नळीच्या आतच सोडियम तासण्याची सोय केली, आणि १९१६ पर्यंत प्रकाशाची वारंवारता आणि इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त ऊर्जा यांचा जो आलेख हाती आला तो आइन्स्टाइनच्या समीकरणाने सांगितला होता तसा सरळ रेषेचा निघाला. तिच्या चढावरून प्लांकचा स्थिरांकही, म्हणजे वारंवारतेला ज्याने गुणले की फोटॉनची ऊर्जा मिळते ती संख्याही, मिळाली. समीकरण बरोबर आहे हे त्याने मान्य केले, पण त्यामागचा प्रकाशपुंज तेव्हाही त्याच्या गळी उतरला नाही.

अनेकांचे मत पालटले ते १९२३ मध्ये, अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ कॉम्प्टनच्या प्रयोगामुळे. त्याने ग्रॅफाइटवर क्ष-किरण सोडले, तेव्हा विखुरलेल्या किरणांच्या एका भागाची तरंगलांबी वाढलेली आढळली, आणि ही वाढ फक्त विखुरण्याच्या कोनावर अवलंबून होती. ९० अंशांना ती ०.००२४ नॅनोमीटर भरते. फोटॉनला ऊर्जेबरोबर संवेगही असतो आणि तो इलेक्ट्रॉनवर कॅरमच्या सोंगटीसारखा आदळतो असे धरून गणित केले की हाच आकडा येतो. दृश्य प्रकाशाच्या ५०० नॅनोमीटरमध्ये एवढीशी भर कोणाच्या लक्षातही आली नसती. क्ष-किरणांची तरंगलांबीच ०.०७ नॅनोमीटरच्या आसपास असल्याने ती ठळक दिसली.

येथे एक प्रश्न मला बराच काळ छळत होता. जस्तात इलेक्ट्रॉन अख्खा फोटॉन गिळतो, मग ग्रॅफाइटमध्ये फक्त धक्का का खातो? उत्तर असे की, मोकळ्या इलेक्ट्रॉनला फोटॉन पूर्ण शोषणे शक्यच नसते, कारण ऊर्जा आणि संवेग यांचे हिशेब एकाच वेळी जुळत नाहीत. बांधलेल्या इलेक्ट्रॉनच्या पाठीशी अणू किंवा अख्खा धातू असतो आणि उरलेला संवेग तो उचलतो. क्ष-किरणांच्या हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टपुढे कार्बनच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनचे बंधन नगण्य, म्हणून तो मोकळ्यासारखा वागतो. फोटॉनचे काय होणार हे असे समोरचा पदार्थ ठरवतो. काचेतल्या इलेक्ट्रॉनला वर चढायला जी पायरी उपलब्ध असते ती दृश्य फोटॉनच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून ते आरपार जातात. साधारण ३०० नॅनोमीटरच्या खाली साध्या काचेत प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषला जातो. माझ्या प्रयोगात पान थांबले ते यामुळे.

मात्र कण म्हटले की डोळ्यांसमोर छर्रा येतो, आणि हे चित्र फार ताणू नये असे माझे मत आहे. १ मिलीवॅटच्या हिरव्या लेझरमधून दर सेकंदाला सुमारे २७ लाख अब्ज म्हणजे २.७ × १०^१५ फोटॉन निघतात, पण ते एकामागून एक रांगेने निघालेले गोळे नव्हेत. कण हा शब्द देवाणघेवाणीला लागू पडतो, प्रवासाला नव्हे. शिवाय, प्रकाश लाट मानून केवळ धातूला पुंज सिद्धांत लावला तरी प्रकाशविद्युत परिणामाचा बराचसा भाग समजावता येतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. खरी कसोटी १९८६ मध्ये फ्रान्समध्ये ग्रँजिए, रॉजे आणि आस्पे यांनी घेतली. कॅल्शियमचा अणू एकापाठोपाठ दोन फोटॉन सोडतो. पहिला टिपला की दुसरा निघाल्याची खूण मिळते. हा दुसरा फोटॉन त्यांनी अर्धपारदर्शक आरशावर पाठवला आणि दोन्ही वाटांवर शोधक ठेवले. लाट असती तर दोन्ही शोधक कधी ना कधी एकदम वाजले असते; तसे एकत्र वाजणे लाटेच्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी आढळले. मग शोधक काढून त्याच दोन वाटा पुन्हा एकत्र आणल्या, तेव्हा एकेका फोटॉनच्या नोंदी साठत जाऊन व्यतिकरणाचे, म्हणजे दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर दिसतात तसे, पट्टे उमटले.