इंग्लंडचा जावई, फ्रान्सचा सरदार

आमच्या परभणीकडं अजून बऱ्याच गावांत देशमुखांच्या पडक्या गढ्या आहेत. धाब्याच्या घरांवर टाकायला पांढरी माती नेऊन नेऊन लोकांनी त्या निम्म्या संपवल्यात. सासऱ्यांपुढं अशा घराण्यांचा विषय काढला की ते एकच म्हणतात, "ज्याचं राज्य त्याचा मुजरा." लखुजी जाधवरावांनी निजामशाही सोडून मोगलांकडं जाणं आणि परत येणं, आणि १६२९ ला दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहानं त्यांना दग्यानं मारणं, हा दाखला ठरलेला.

मी त्यांच्यापुढं सातव्या आँगेराँ द कूसी ह्या फ्रेंच सरदाराला उभं करते.

हा उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डीतला, जन्म १३४० चा. ह्याच्या गढीचा मधला बुरूज पन्नास मीटरच्या वर उंच! (१९१७ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेनं तो सुरुंगानं उडवला.) इंग्लंड-फ्रान्समधल्या १३६० च्या तहानंतर, इंग्रजांच्या कैदेतून सुटणाऱ्या फ्रान्सच्या राजासाठी ओलीस म्हणून जे सरदार इंग्लंडला गेले, त्यांत हा वीस वर्षांचा पोरगा होता. तिथं इंग्लंडच्या राजाची, तिसऱ्या एडवर्डची, थोरली लेक इझाबेला त्याला दिली. ती आठ वर्षांनी मोठी. १३६५ ला लग्न झालं, सुटकेची खंडणी माफ झाली, वर बेडफर्डचं अर्लपद मिळालं.

घोळ इथंच झाला. त्या काळी सरदार राजाच्या हातात हात देऊन इमान वाहायचा, त्या बदल्यात जमीन मिळायची. ह्याची जमीन दोन्हीकडं. १३६९ ला दोन्ही राजांचं युद्ध पुन्हा पेटलं तेव्हा हा इटलीत निघून गेला आणि पोपच्या बाजूनं मिलानच्या सत्ताधारी विस्कोंती घराण्याशी लढत राहिला. सासऱ्यावर तलवार उपसली नाही, आपल्या राजावरही नाही. ह्याला कोणी पळपुटेपणा म्हणेल. मला तो हिशेब वाटतो, आणि चोख वाटतो.

एडवर्ड १३७७ च्या जूनमध्ये वारला. ऑगस्टमध्ये ह्यानं नव्या राजाला, दुसऱ्या रिचर्डला, पत्र लिहिलं: इंग्लंडमधल्या जमिनी परत, गार्टर ह्या इंग्रज सरदारी पंथाचा मानही परत, आता मी माझ्या जन्मजात राजाचा. तिथून पुढं तो फ्रान्सचाच राहिला. १३९६ ला निकोपोलिसच्या लढाईत तुर्की सुलतान बायझीदच्या फौजेनं त्याला धरलं आणि पुढच्या वर्षी तुर्कस्तानातल्या बुर्सात कैदेतच तो गेला.

इमान बदलणारे आपल्याकडं पुष्कळ झाले. पण आधीच्या धन्याचं वतन आपणहून कागदावर परत करणारा मला तरी आठवत नाही.

मात्र संसारही वाटला गेला. थोरली मारी बापाच्या मुलखात राहिली, धाकटी फिलिपा आईबरोबर इंग्लंडला. तिचं तिथं लग्न लावलं रिचर्डच्या लाडक्या रॉबर्ट द व्हियरशी, आणि त्यानं रिचर्डच्या राणीच्या एका बोहेमियन सखीपायी तिला टाकलं.

सासऱ्यांनी हे सगळं ऐकलं, सुपारी कातरत. मग म्हणाले, "सात-बारा परत दिला म्हणतेस. पोरगी कशाला ठेवली तिकडं?"

ह्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.