२५० की ३००? कवडीपाटच्या तीन महिन्यांची नोंद

गेल्या हिवाळ्यात मी काढलेला वेडा राघू या छोट्या हिरव्या पक्ष्याचा फोटो लॅबमध्ये सगळ्यांना दाखवला, तर एकाने प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, राघू कुठाय?" बाभळीच्या शेंड्याकडे बोट दाखवून सांगावं लागलं, डावीकडून तिसरी फांदी, तो हिरवा ठिपका. त्याच दिवशी ठरवलं की झूम लेन्स घ्यायची. बजेट १०,००० रुपये, एक पैसा जास्त नाही. दिवाळीत घरच्या मिक्सरने राम म्हटला होता, त्यामुळे ही मर्यादा खरी होती.

कॅमेरा भाच्याचा. कॅनन १५००डी आणि सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं मोठं दिसतं). नोकरी लागल्यावर त्याने मोठा कॅमेरा घेतला आणि हा मावशीकडे आला. पुण्यातल्या हडपसरहून कवडीपाट जवळ, म्हणून रविवारी पहाटे तिथे जायला लागले. जे गेलेत त्यांना माहीत आहे: मुळा-मुठेचं फेसाळलेलं पाणी, जलपर्णी, नाकाला रुमाल, आणि तरीही बंधाऱ्यावर शेकाटे, हळदी-कुंकू बदकं, थंडीत चक्रवाक. हा वास सहन करून इतके पक्षी का येतात हे मला अजून कळलेलं नाही, पण येतात.

लेन्स शोधायच्या आधी एका रात्री कागद घेऊन बसले. १५००डीचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद, त्यावर आडवे ६,००० पिक्सेल. ५५ वर झूम ठेवून २० मीटरवरचं झाड पाहिलं, तर चौकटीत साधारण ८ मीटर रुंदी मावते. वेडा राघू शेपटीच्या काड्या सोडल्या तर १८ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम १३० पिक्सेल. ठिपकाच येणार, दुसरं काय! तेच २५० वर ६०० पिक्सेल होतात आणि ३०० वर ७२०. त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ लिहिली होती: २५० घेऊन १० मीटरवर गेलं तर १,२००. ती ओळ लिहिली आणि विसरले. डोक्यात ३०० हा आकडा बसला होता. दुकानात साडी बघताना पहिली आवडलेलीच शेवटी घेतो, तसं.

योगायोगाने आमच्या लॅबमधल्या सरांकडे कॅननची ७५-३०० कपाटात पडून होती. त्यांनी महिनाभर वापरायला दिली. घरी कॅमेऱ्याला लावून झूम लांबवलं तर सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पाखराला एवढी नळी?"

पहिल्या रविवारी १८० फोटो काढले. सगळे हललेले. सगळे म्हणजे सगळेच, एका बसलेल्या गायबगळ्याचासुद्धा. शटर १/२०० सेकंदावर होतं आणि मला वाटत होतं ते पुष्कळ झालं. मग जुना नियम समजला. हातात धरून काढायचं तर शटर निदान 'एक भागिले लेन्सवरचा आकडा' इतकं जलद हवं, आणि आपल्या छोट्या सेन्सरसाठी त्या आकड्याला १.६ ने गुणायचं. ३०० ला १/४८०, म्हणजे १/५००. २५० ला १/४००. या ७५-३०० मध्ये हात हलल्याची भरपाई करणारं काही नाही. पूर्ण झूमवर व्ह्यूफाइंडरमधला बगळा बोटीत बसल्यासारखा डोलतो आणि फोकसचा मधला ठिपका त्याच्या अंगावर ठेवणं हेच एक काम होऊन बसतं.

पुढच्या रविवारी १/८०० लावलं. हलणं गेलं, पण धुकटपणा राहिला. ३०० वर ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, पूर्ण उघडं (एफ/५.६) ठेवलं तर पिसं दिसायच्या ऐवजी पिसांचा अंदाज दिसतो. वर पांढऱ्या बगळ्याला उन्हात चक्क जांभळी किनार, पैठणी नेसल्यासारखी. छिद्र लहान करून एफ/८ केलं की सुधारतं, पण सकाळी सव्वासातला तेवढा उजेड कुठून आणायचा? आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर नेलं की १५००डीच्या सावल्यांत रवा सांडतो. दोन-तीन रविवार झाल्यावर लक्षात आलं की मी आपोआप २२०च्या आसपास थांबते, कारण तिथवरचे फोटो बरे येतात. मग ती ३०० नावापुरतीच.

लेन्सला नावं ठेवायची नाहीत. ती १९९९ची रचना आहे, ४८० ग्रॅमची, भर उन्हात आणि एफ/८ ला ती काम करते. मैदानावर दुपारची क्रिकेट मॅच असेल तर चालेल. पण पहाटेच्या पक्ष्यांसाठी आणि नवख्या हातांसाठी नाही, असं माझं मत. कोणी स्वस्तात देतंय म्हणून घेणार असाल तर आधी एक सकाळ उसनी आणून बघा.

मग खरी शोधाशोध सुरू झाली. नवीन घेणं बजेटबाहेर, म्हणून वापरलेल्याच बघितल्या. टॅमरॉन कंपनीची जुनी ७०-३०० मॅक्रोवाली बराच वेळ मनात होती, कारण ती १८० ते ३०० मध्ये अर्ध्या आकाराचं मॅक्रो देते (वस्तू सेन्सरवर निम्म्या आकाराची उतरते) आणि आमच्या गच्चीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखरं येतात. पण तिलाही कंपन आवरायची सोय नाही. टॅमरॉनचीच व्हीसीवाली, म्हणजे कंपन आवरणारी, ७०-३०० मात्र चांगली आहे, फक्त ७६५ ग्रॅम वजन आणि माझ्या बजेटच्या वर. उरल्या कॅननच्या ५५-२५०. त्यातही बारकावा आहे: जुनी आयएस टू आणि २०१३ची एसटीएम. दोन्हींत कंपन आवरणारं आयएस आहे, पण एसटीएमची मोटर शांत, फोकस करताना पुढची काच फिरत नाही आणि २५० वरचं चित्र जास्त स्वच्छ. वजन फक्त ३७५ ग्रॅम. जाहिरातीत बरेच जण नुसतं '५५-२५०' लिहितात, तेव्हा लेन्सवरची अक्षरं वाचता येतील असा फोटो मागवा.

निकॉनवाल्या मैत्रिणीसाठी बघताना आणखी एक खाचखळगा सापडला. तिच्याकडे डी३१०० आहे. निकॉनच्या एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस डी३१००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर, म्हणजे कॅमेऱ्यांवर, चालत नाही. आणि या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसल्याने जुन्या एएफ-डी लेन्सही हातानेच फोकस कराव्या लागतात. तिने एएफ-एस (मोटर लेन्समध्येच असते ती) बघायची, आणि नावात व्हीआर (निकॉनचं कंपन आवरणं) आहे ना तेही.

पहिली लेन्स बघायला गेले ते एका गृहस्थांकडे. ५५-२५० एसटीएम, बाहेरून नव्यासारखी, किंमत ७,०००. "पावसाळ्यात बॅगेतून काढलीच नाही हो, एकदम जपून ठेवलीय," असं ते कौतुकाने सांगत होते. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. कॅननच्या या लेन्सचं ॲपर्चर विजेवर चालतं, बॉडीवरून काढली की ते पूर्ण उघडं असतं, त्यामुळे आरपार बघता येतं. सोबत आलेल्या मुलीला मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेपाशी तिरपा धरायला लावला आणि मी पुढून, थोडं बाजूने बघितलं. समोरून काहीच नव्हतं. तिरपं केल्यावर आतल्या एका काचेच्या कडेला पांढरं जाळं दिसलं. शिळ्या पावावर पहिल्या दिवशी येते तशी, केसाहून बारीक, फाटे फुटलेली बुरशी. मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली असले धागे बघते, मला शंका नव्हती. गृहस्थ म्हणाले, "ते धुळीचं आहे, पुसलं की जाईल." धुळीला फांद्या नसतात. नमस्कार करून निघालो. बंद बॅगेत जपून ठेवणं हेच आपल्या पावसाळ्यात लेन्सच्या मुळावर येतं.

दुसरी एका कॉलेजच्या मुलाकडे मिळाली. त्याला फुटबॉलचे बूट घ्यायचे होते. ९,५०० सांगितले. टॉर्चची परीक्षा पास, दोन-चार धुळीचे कण सोडून, आणि ते असतातच. फिल्टरच्या कड्याला पोचा नाही. आयएस चालू करून बटण अर्धं दाबलं की आत हलकी घरघर ऐकू येते आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र एकदम जागच्या जागी बसतं. ते नुसतं बघूनच मी निम्मी विकत घेतली होती. तरी त्याला म्हटलं, बाळा, एक दिवस घरी नेऊ दे, पूर्ण पैसे तुझ्याकडे ठेवते. तो तयार झाला.

गच्चीतल्या भिंतीवर पेपरातलं छोट्या जाहिरातींचं पान चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ताणून बसवलं. कॅमेरा स्टुलावर, खाली दोन शब्दकोश, आयएस बंद, दोन सेकंदांचा टायमर, एफ/५.६. आधी सरांची ३०० वर, मग ही २५० वर, जागा तीच. कॉम्प्युटरवर २५० चा फोटो ३०० च्या मापाला मोठा करून शेजारी ठेवला. जाहिरात होती धायरीतल्या एका खोलीची, भाड्याने. ७५-३०० मध्ये 'ध' आणि 'घ' सारखेच, 'भ'ची गाठ भरलेली, त्यामुळे घायरीत खोली माड्याने मिळत होती. ५५-२५० मध्ये मोठा करूनही धायरी धायरीच राहिली. चारही कोपरे तपासले. एखादा कोपरा बाकीच्यांपेक्षा जास्त धूसर असेल तर आतली काच सरकलेली असू शकते. हिच्यात उजवा खालचा किंचित मऊ वाटला, पण कागदच तिथे फुगलेला निघाला. पान पुन्हा लावून बघितलं, ठीक होतं. ९,००० ला सौदा झाला. सरांची लेन्स आभारांसकट परत केली. सरांना पेपरचे दोन्ही फोटो दाखवायचा मोह आवरला.

जानेवारीपासून हीच कॅमेऱ्यावर आहे. सध्याची मांडणी अशी: टीव्ही मोड (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो), १/८००, ऑटो आयएसओ ३२०० पर्यंत, फोकसला फक्त मधला ठिपका. बाकीचे आठ ठिपके फांद्या पकडण्यात पटाईत आहेत. पांढरा पक्षी उन्हात असला की एक्स्पोजर पाऊण-एक पायरी खाली. आयएसबद्दल मी आधी गोंधळले होते. कॅनन साडेतीन स्टॉपची भरपाई सांगतं (शटर दहा-अकरा पट हळू चालेल इतकी), म्हणून मी १/६० ला धोबी पक्षी टिपायला गेले. दगड कोरल्यासारखा आला आणि धोबी शेपटी हलवण्यात पुसला गेला. हात स्थिर होतो, धोबी होत नाही. हुड (लेन्सच्या तोंडाशी लावायचं सावलीचं कडं) खोक्यात नसतो, वेगळा घ्यावा लागतो. या लेन्सला ईटी-६३ बसतो, सरांकडचा जुना ईटी-६० बसला नाही. मी साध्या कंपनीचा घेतला, कोवळ्या उन्हासमोर फरक पडतो.

ठेवायला लाडवांचा हवाबंद डबा आणि आत सिलिका जेल. लॅबमध्ये नमुने कोरडे ठेवायला आम्ही हेच वापरतो. निळे दाणे गुलाबी झाले की वाळवायची वेळ झाली, पण स्वयंपाकाच्या कढईत नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. महिन्यातून दोनदा तरी लेन्स बाहेर काढून उजेडात ठेवते.

कागदावरची ती विसरलेली ओळ तीन आठवड्यांपूर्वी पुन्हा सापडली, वहीत. म्हणून एका रविवारी फिरलेच नाही. बंधाऱ्याजवळच्या दगडावर पाऊण तास बसून राहिले, कॅमेरा मांडीवर. पहिली वीस मिनिटं शेकाटे लांब सरकले, मग विसरले. तारेवरचा वेडा राघू उडायचा, माशी पकडायचा, पुन्हा त्याच जागी. ते तारेचं टोक माझ्यापासून आठ-नऊ मीटरवर. तारेवर माशी आपटून मारताना तीन फोटो मिळाले, एकात माशीचे पंखही वेगळे दिसतात. लॅबमध्ये परवा दाखवला, कोणी 'कुठाय' विचारलं नाही.

उडणारे पक्षी मात्र अजून जमत नाहीत. नदी सुरय पक्षी पाण्यावर सूर मारतात तेव्हा सेकंदाला तीन फोटोंचा हा कॅमेरा आणि एसटीएमचा फोकस दोन्ही मागे पडतात. गेल्या रविवारी साठ फोटोंत चार बरे, त्यातल्या दोघांत चोच चौकटीबाहेर. आता एआय सर्व्हो (हलत्या पक्ष्यामागे फोकस ठेवणारा मोड) लावून, ते येतात त्या बाजूला आधीच फोकस करून थांबायचं असं ठरवलंय. फेब्रुवारीत भिगवणला कुंभारगावला जायचा बेत आहे. तिथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मोठे आणि संथ, २५० पुरेल. सुरयांसाठी कोणाकडे युक्ती असेल तर सांगा, पण नवीन बॉडी घ्या म्हणू नका, मिक्सर अजून आणायचाय.